साडेनऊ फुटांची घोडी, सव्वाआठचा हौदा

गौतम, लांब हौद्याच्या गाडीच्या बाजूनं बोलणारं आता कुणी उरलं नाही. तीन महिने मी तुझ्याशी आखूड गाडीसाठी भांडलो. हॉटेलातल्या टेबलावर साखरेचे बांध घातले आणि त्यावरून काडेपेटी चालवून दाखवली. एकदा तर दोन खुर्च्यांमध्ये पोटावर आडवा पडून लांब गाडी नाल्यावर कशी लटकते, याचा प्रयोग केला आणि चहावाल्यानं मला उचलून सरळ केलं. आणि ऐन रंगात आलेल्या नाटकातून समोरचा नट गुपचूप निघून जावा, तसा तू गेलास. मी रंगमंचावर एकटा. वाक्य माझं झालेलं, उत्तर यायचं राहिलेलं. याला मी जिंकणं म्हणत नाही. याला फसवणूक म्हणतात.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. परवापर्यंत शोरूमवाल्याचा रोज फोन येत होता. "सर, लाँग का शॉर्ट?" त्या बिचाऱ्याला काय सांगणार, की या प्रश्नावर आमच्यातला अर्धा माणूस वारला आहे!

आपलं काम साधं. विहिरीत पडलेल्या, जळलेल्या, गाळात रुतलेल्या पाण्याच्या मोटारी बाहेर काढायच्या. तीर्थपुरीपासून अंबडपर्यंत अशी मोसंबीची बाग नसेल, जिथल्या विहिरीत वाकून आपण दोघांनी एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत. बावीस वर्षं. साखळी, कप्पी, दोरखंड, पाने, हे सगळं कुठल्याही गाडीत मावतं. काळा नळ गुंडाळता येतो. गुंडाळता येत नाही ती घोडी. विहिरीच्या तोंडावर तीन पाय फाकवून उभी राहणारी आपली लोखंडी घोडी. तिचा एकेक पाय साडेनऊ फुटांचा. जुन्या पिकअपच्या हौद्यातून हे तीन पाय कायम मागं बाहेर निघालेले असायचे आणि त्यांच्या टोकाला तू वहिनींच्या जुन्या साडीचं लाल फडकं बांधायचास.

जुनी गाडी म्हातारी झाली, तळ गंजून त्यातून रस्ता दिसू लागला, तेव्हा नवी घ्यायची ठरली. चारही चाकं ओढणारी घ्यायची, यावर आपलं पहिल्या मिनिटाला एकमत झालं. बावीस वर्षांतलं ते शेवटचं एकमत.

तुला दहा फुटी हौद्याची लांब गाडी हवी होती. घोडी आत, मागचा फाळका बंद, विषय संपला. मी म्हणत होतो, बाबा रे, हौदा लांब म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर लांब. ते अंतर वाढलं, की नाल्याच्या उंचवट्यावर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि गाडी मधल्यामध्ये पोटावर बसते. बागेच्या कडेला वळवायची तर चार वेळा मागंपुढं करावी लागते, तोपर्यंत शेतकऱ्याची दोन झाडं जातात. आपण डांबरावर काम करतो का? आपण पांदीतून जातो, काळ्या मातीतून जातो.

त्यावर तू अंबडच्या रज्जाकभाईंच्या गॅरेजात सगळ्यांसमोर काय म्हणालास?

"इलास, तू सोता आखूड हायस, म्हणून तुला आखूडच गाडी दिसती."

गाड्यांना हौदे बांधून देणारे रज्जाकभाई, ज्यांनी आयुष्यात कधी वेल्डिंगचा चष्मा कपाळावरून खाली घेतला नाही, ते इतके हसले की चष्मा आपोआप खाली आला. आणि मी, गावोगाव किस्से सांगून लोकांना पोट धरायला लावणारा माणूस, मला उत्तर सुचलं नाही! ते उत्तर मला दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसल्यावर सुचलं. फार चांगलं होतं. आता ते कुणाला ऐकवू?

मंगू नानांच्या शेतातला तो दिवस मात्र माझा होता, हे कबूल कर. शोरूमची लांब गाडी तू चालवून बघायला आणलीस आणि माझं तोंड बंद करायला मुद्दाम त्यांच्या नाल्यावर घातलीस. गाडी चढली. अर्धी उतरली. मग एक खर्रर असा आवाज झाला आणि ती चारी चाकं हलवत, दगडावर अडकलेल्या कासवासारखी, पोटावर बसली. तू काच खाली केलीस. मी बांधावर उभा राहून टाळ्या वाजवल्या. मंगू नाना बैलजोडी आणायला गेले आणि तू अर्धा तास आतून उतरला नाहीस.

"उतर की गौतम."

"न्हाई. गाडी अडकल्याली न्हाई. मी इचार करून राह्यलो."

"कशाचा?"

"नाला इथं काहून हाय, याचा."

हा संवाद मी पुढं आठवडाभर दोन्ही आवाजांत करून दाखवला. तूही हसलास. पण लांब हौद्याचा हट्ट सोडला नाहीस, आणि मला त्याचाच राग येई. डोळ्यांनी बघितलं, पोटावर बसलेली गाडी बैलांनी ओढली, तरी हा माणूस म्हणतो लांबच! कारण विचारलं की रोज नवं. आज म्हणे जास्त सामान मावतं. उद्या म्हणे विकताना भाव येतो. परवा म्हणे पाय पसरून झोपता येतं. तीन महिन्यांत तू मला एकोणीस कारणं सांगितलीस आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. हे मला आता कळतं आहे, आणि जीव जळतो आहे.

आखूड गाडीतच घोडी तिरपी बसते का, हा मधला रस्ता आपण तपासला होता. शोरूममध्ये तू आखूड गाडीचा हौदा मोजलास. कंपनीच्या छापील कागदावर आकडे होते, पण तुझा छापलेल्यावर विश्वास नाही. तुझा विश्वास आपल्या टेपवर. त्या टेपचं पहिलं अर्धं फूट कधीच तुटून पडलेलं. तू मोजून आकडा सांगायचास आणि मी अर्धं फूट वजा करून वहीत लिहायचो. बावीस वर्षांची ही पद्धत. त्या दिवशीही तू टेप लावलीस, क्षणभर डोळे मिटलेस, आणि म्हणालास, "सव्वाआठ." मी लिहिलं, पावणेआठ. रुंदी तेवढी कागदावरून घेतली, कारण तिच्यावर आपलं भांडण नव्हतं.

मग रज्जाकभाईंनी गॅरेजच्या फरशीवर खडूनं पावणेआठचा हौदा काढला. त्यात घोडीचा पाय तिरपा ठेवला. चार बोटं बाहेर.

"पाय थोडे कापू का?" रज्जाकभाई म्हणाले.

"भाई, लंगड्या घोडीवर मोटार चढवायची का?" तू म्हणालास.

"मंग बाहेर राहू द्या चार बोटं. लाल फडकं हाय की."

तू मग म्हणालास, "बाहेर बिलकुल न्हाई." आणि उठून हात धुवायला गेलास. हात स्वच्छ होते तुझे.

लाल फडकं म्हटलं की माझी जीभ सुटायचीच. तो माझा सर्वांत गाजलेला किस्सा. तीर्थपुरीचा चौक, आपली गाडी वळते आहे, मागून एक मास्तर सायकलवरून येत आहेत, आणि गौतमनं घोडीच्या दोरखंडाला बांधलेली गाठ, बुटाच्या नाडीची शोभावी अशी गाठ, सुटते! घोडीचा पाय सर्रकन फिरतो, मास्तरांना सायकलीवरून अलगद उचलतो आणि रसवंतीच्या बाकड्यावर नेऊन बसवतो. रसवाला विचारतो, "मास्तर, बर्फ टाकू का?" इथं लोक खुर्चीवरून पडायचे. मग तू घरी जाऊन वहिनींची साडी कशी फाडलीस, त्याचा अभिनय. हा किस्सा मी लग्नात सांगितला, बारशात सांगितला, पंचायतीच्या ओट्यावर सांगितला. तू समोर बसून दर वेळी हसलास. रसवाल्याच्या वाक्याला तर माझ्याआधी ओठ हलवायचास.

आणि मग तो बुधवार. अंगणात चहा पिताना तुझ्या छातीत कळ आली आणि अंबडच्या दवाखान्याच्या पायरीवर संपलं. आदल्या संध्याकाळी तू मला फोनवर म्हणाला होतास, "बुटक्या, उद्या ये, फायनल करू." मी म्हटलं, "आखूडच." तू म्हणालास, "ये तर." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाऊस असा होता की स्मशानभूमीकडचा रस्ता गुडघ्यापर्यंत काळा चिखल झालेला. खांद्यावर नेणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टर मध्येच रुतला. मग रज्जाकभाईंनी अंबडहून गाडी आणली. त्यांच्याकडे हौद्याच्या कामाला आलेली कुणाची तरी, चारही चाकं ओढणारी, आखूड. मी मागत होतो तीच. तिनं वाटेतला नाला, तो चिखल, सगळं आरामात पार केलं आणि तुझ्या दारात येऊन उभी राहिली. गौतम, त्याही क्षणी माझ्या मनात आलं, बघ, आली का नाही! आणि मग तुझ्याकडे बघितलं.

तुला हौद्यात ठेवलं. तू सहा फूट. बांबू त्याहून लांब. टीचभर बाहेर राहिले. कुणीतरी म्हणालं, दोरीनं बांधा, फाळका उघडाच ठेवा, जल्दी निघू, पाऊस वाढून राह्यला. पांढऱ्या साडीतल्या शालिनीवहिनी दारातून उठल्या. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "फाळका लावा. बाहेर काई ठेवायचं न्हाई."

"वहिनी, दहा मिनिटांचा रस्ता आहे," मी म्हटलं.

"बाहेर काई ठेवायचं न्हाई, भाऊजी."

रज्जाकभाईंनी कपाळावरचा चष्मा आणखी वर सरकवला. "तिरपा घ्या," ते हळूच म्हणाले. "डोक्याकडून त्या कोपऱ्यात. हां. आस्ते."

आणि फाळका लागला. खटकन. कडी बसली.

मी हसलो, गौतम. मला आवरलं नाही. लोक त्रिशरण म्हणत होते आणि मी फाळक्याला धरून हसत होतो, आणि ते रडणं आहे असं समजून मंगू नाना माझी पाठ थोपटत होते. ज्या वादाला तीन महिने उत्तर मिळालं नाही, ते तू आडवं पडून दिलंस. आखूड गाडी चिखलातून आली, आणि फाळकाही बंद झाला. पण हे मी सांगू कुणाला? तू तर त्याच फाळक्याच्या आत!

मला वाटलं, खडूच्या हौद्यात एवढी जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी रज्जाकभाईंकडे गेलो. ती गाडी अजून तिथंच होती. त्यांच्या नव्या टेपनं मोजलं. सव्वाआठ. पुन्हा मोजलं. सव्वाआठ.

तेव्हा मला तुझे ते मिटलेले डोळे आठवले. शोरूममध्ये चार माणसं बघत होती. तुटक्या टेपची लाज वाटून तू त्या दिवशी मनातल्या मनात अर्धं फूट आधीच वजा केलंस. मला न सांगता! आणि मी शहाण्यासारखं पुन्हा वजा केलं. म्हणजे जे अर्धं फूट जगात होतं, ते आपण दोघांनी मिळून दोनदा कापलं आणि त्या भोकावरून तीन महिने भांडलो. डोळे कशाला मिटलेस, हे मी विचारलं असतं तर? मला वाटलं तुला झोप आली. अरे, वजाबाकी करताना माणसानं निदान ओठ हलवावेत!

सातव्या दिवशी जलदान विधी झाला. वंदना झाली, तुझ्याबद्दल माणसं चांगलं बोलली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "इलासभाऊ, लाल फडक्याचा होऊ द्या. गौतमदादाला आवडायचा." मी उभा राहिलो. आणि सांगितला. जसा नेहमी सांगतो तसाच. नाडीची गाठ, रसवंती, बर्फ टाकू का. माणसं डोळे पुसत हसली. वहिनीही हसल्या. मी खाली बसलो आणि हातातला भरलेला ग्लास तसाच खाली ठेवला.

कारण तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि मला वाटायचं, तू विसरलास.

परवा वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी सरळ विचारलं, "वहिनी, त्या दिवशी फाळका लावाच, असं काहून म्हणालात?"

"ते म्हणायचे म्हणून. बाहेर निघाल्यालं लोखंड दिसलं की त्यांना मास्तर दिसायचे. जेवणावरून उठायचे. म्हणून तर लांब गाडी पाहिजे व्हती."

"मला कधी बोलला नाही."

"तुमाला कसं बोलतील?" वहिनींनी चहा गाळला. "मी एकदा म्हणले, गाठ नीट बांधायची व्हती. तर म्हणले, गाठ सुटलीच न्हवती. गाडी थांबल्यावर मी हातानं बघितली, तशीच पक्की व्हती. इलासनं वळण जोरात घेतलं."

वहिनींनी कप माझ्यापुढं सरकवला.

"मी म्हणले, मंग सगळ्या गावात तुमच्या गाठीवर हसतेत, सांगत काहून न्हाई? तर म्हणले, त्याला ठाऊक हाय. सांगायला त्याला टाइम लागून राह्यला, एवढंच." मग वहिनी थोड्या हसल्या. "घरी आल्यावर म्हणायचे, आज इलासनं मास्तरला जरा जास्तच उंच उडवलं."

गौतम, मी तुझ्यावर रागावलो आहे. खरोखर रागावलो आहे. एकोणीस कारणं सांगितलीस, त्यात एक हे विसावं सांगायला काय झालं होतं? "इलास, लोखंड बाहेर निघालं की मला मास्तर दिसतात." एवढं एक वाक्य. मी त्याच मिनिटाला लांब गाडीवर सही केली असती, प्रत्येक नाल्यावर पोटावर बसलो असतो, रोज बैल जुंपून आणले असते. पण ते वाक्य बोललास तर माझी चूक निघते, म्हणून तू गाडी विकताना भाव येतो असलं काहीबाही बोलत राहिलास. आणि मी तुझ्या त्या काहीबाहीची नक्कल करून टाळ्या घेत राहिलो. मास्तरांच्या गळ्याजवळचं हसलीचं हाड मोडलं होतं. रसवंतीच्या बाकड्यावर ते बसले नव्हते, पडले होते. दीड महिना तू त्यांच्या घरी डबा नेलास. त्या दीड महिन्यात मी किस्सा बसवत होतो.

काल शोरूमला गेलो. जुनी गाडी धक्का मारून सुरू केली, घोडी घातली, टोकाला लाल फडकं बांधलं. तिथं आखूड गाडीत घोडीचे तीन पाय एकावर एक, तिरपे ठेवले. फाळका लागला. पोरसवदा, टाय घातलेला तो विक्रेता म्हणाला, "परफेक्ट सर, मग हीच फायनल?" मी सवयीनं डावीकडे बघितलं. तिथं तू नाही म्हणायला उभा असायचास. डावीकडे रंगीत पताका होत्या. मी हो म्हटलं. बिनविरोध. बावीस वर्षांत एवढं बेचव काही खाल्लं नाही.

येताना तीर्थपुरीच्या चौकात पोचलो. घोडी मागं बाहेर निघालेली, फडकं फडफडत होतं. पानटपरीवरून हाक आली, "ओ इलासभाऊ! इकडं बघा की!" त्या दिवशीही अशीच हाक आली होती. तेव्हा मी वळता वळता मान तिकडं फिरवून, एका हातानं स्टेअरिंग धरून, दुसऱ्या हातानं नमस्कार करत होतो. काल मी गाडी बाजूला उभी केली. उतरलो. मागं जाऊन दोरखंडाची गाठ हातानं ओढून बघितली. तू शिकवलेली गाठ, दोन वेढे आणि एक खालून. मग टपरीवर गेलो.

"बसा. लाल फडक्याचा होऊ द्या," टपरीवाला म्हणाला. आणखी तिघं-चौघं जवळ सरकले.

मी सांगितला. चौक, वळण, सायकलवरचे मास्तर. "गाठ पक्की होती," मी म्हटलं. "गाडी मी चालवत होतो. माझं लक्ष या टपरीकडं होतं."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बर्फाची वाट बघत होते.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग काई न्हाई."

"म्हंजे? संपला?"

"हाव," मी म्हटलं. "एवढाच हाय."